अधिक महिन्यातल्या अकरा प्रेमकथा

इंदिरानगर, नाशिक इथल्या एका ताईंचं हाताने लिहिलेलं तीन पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देते.

वय ४७. घरीच आठवी ते दहावीच्या मुलांच्या मराठी-संस्कृतच्या शिकवण्या घेत होत्या. सासरे, म्हणजे अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. मे महिन्यात ते बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्याच सुमारास ताईंच्या मिस्टरांची अंबडहून चाकणच्या प्लांटला बदली झाली. सोमवारी पहाटे निघतात, शनिवारी रात्री येतात. मुलगी बारावी झाली, सीईटी दिली, आता कॉलेज प्रवेशाच्या कॅप राउंडचे फॉर्म आणि पुणे की नाशिक यावरून रोज चर्चा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्याकडून उठबस होत नाही.

या सगळ्यात यंदाचा अधिक ज्येष्ठ आला. सासूबाई दुपारी पोथी वाचायच्या आणि ताई रात्री अण्णांच्या खोलीत मोबाइलचा उजेड कमी करून हलक्याफुलक्या प्रेमकथा वाचायच्या. महिन्याभरात अकरा वाचून झाल्या. एरवी त्या गंभीर वाचन करणाऱ्या. मैत्रिणींच्या वाचनगटात मे अखेरीस एका मोठ्या कादंबरीवर बोलायचं कबूल केलं होतं. ती कादंबरी चाळीस पानांपुढे गेली नाही. मुलीने मोबाइलमध्ये पाहिलं आणि हसली. मिस्टर म्हणाले, "या वयात हे काय?" गटातली मैत्रीण म्हणाली, "तूसुद्धा?" तेव्हापासून ताई गटात गेलेल्या नाहीत.

त्या विचारतात: "माझी आवडच घसरली का? मी जबाबदारीपासून पळते आहे का? माझ्या संसारात काही कमी आहे म्हणून मला हे वाचावंसं वाटतं का? एका गोष्टीत नायक दमून घरी आलेल्या नायिकेला फक्त एवढंच विचारतो, ‘जेवलीस का?’ तिथे मी रडले. अण्णा जागे होतील म्हणून तोंडावर पदर धरला. हे बरोबर नाही ना?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र एकदा सलग वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. जवळजवळ दीड पान त्या अकरा पुस्तकांवर आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: "शिकवण्या सध्या बंदच केल्या आहेत." पुढच्या वाक्यात तुम्ही परत पुस्तकांवर येता. मी त्या ओळीखाली रेघ मारून ठेवली आहे. तिच्याकडे येणारच आहे. आधी तुम्ही विचारलंत त्याबद्दल.

आवड घसरली का, या प्रश्नामागे एक गृहीतक आहे. वाचनाला चढ आणि उतार असतो, वर गंभीर, खाली हलकं, आणि सुशिक्षित माणसाने सतत चढतच राहायला हवं, असं ते आहे. तुम्ही हे एकट्याने ठरवलेलं नाही. मराठीत हा वाद फार जुना आहे. ना. सी. फडके म्हणत कलेसाठी कला, वि. स. खांडेकर म्हणत जीवनासाठी कला, आणि वाचणारे लोक बाजू घेऊन भांडत. फडक्यांच्या प्रेमकथांना नाकं मुरडणारे तेव्हाही होते. तरी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर १९४० साली फडके बसले आणि पुढच्याच वर्षी, १९४१ साली, खांडेकर. आपल्या आज्यांनी दोघांनाही वाचलं. ज्या आठवड्यात जे मिळालं ते, आणि ज्या आठवड्यात जे झेपलं ते.

झेपणं हा शब्द मुद्दाम वापरते. तुम्ही त्या मोठ्या कादंबरीच्या चाळिसाव्या पानावर थांबलात ते दिवस आठवा. अण्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पाहायचं, रात्री भांडं द्यायचं, सकाळी ड्रेसिंगवाला येणार म्हणून आवरायचं. अशा वेळी चार पिढ्यांची, पंचवीस पात्रांची कादंबरी दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत वाचताच येत नाही. पात्रांची नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत. ज्या पुस्तकाला सलग दोन तास हवेत ते सलग दोन तास मिळतील तेव्हा वाचायचं. ते कुठे जात नाही.

आता हलक्या प्रेमकथेकडे बघा. तिच्यात काय होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. दोघं भेटणार, गैरसमज होणार, दुरावणार आणि शेवटी एकत्र येणार. तुम्ही लिहिलंय, "शेवट माहीत असूनही वाचते, याची जास्त लाज वाटते." ताई, शेवट माहीत आहे म्हणूनच तुम्ही वाचत होतात. त्या महिन्यात तुमच्या घरातल्या एकाही गोष्टीचा शेवट कुणाला माहीत नव्हता. अण्णा वॉकर घेऊन चालतील का, मुलीला कुठे ॲडमिशन मिळेल, यांची बदली सहा महिन्यांची की कायमची. दिवसभर अशा तीन-तीन टांगत्या गोष्टी डोक्यावर असताना रात्री मनाला एक तरी गोष्ट हवी होती, जिचं सगळं नीट होणार हे आधीच ठरलेलं आहे.

आणि हे काही परक्या मुलखातलं नाही. थोड्याच दिवसांत श्रावण येईल. सासूबाई कहाणी वाचतील. आटपाट नगर होतं, तिथे एक गरीब ब्राह्मण होता. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, शेवट पाठ. आवडतीची नावडती होते, नावडतीची आवडती होते, गेलेलं परत मिळतं आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. शेवट ठाऊक आहे मग दरवर्षी का ऐकता, असं आपण त्यांना कधी विचारलं नाही. घरातल्या बायका दिवसभराच्या कामातून हात पुसून त्या कहाणीला बसायच्या, ते त्या सुफळ संपूर्णसाठीच. सासूबाई दुपारी पोथीला बसायच्या आणि तुम्ही रात्री मोबाइल उघडायचात, यात तुम्हाला पाप दिसलं. मला एकाच घरातल्या दोन दमलेल्या बायका दिसल्या. पोथीचं पुण्य पोथीला, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, पण विसावा दोघींनाही हवा होता.

आणखी एक विचारते. अण्णा तरुणपणी काय वाचत असतील? त्यांच्या पिढीतली कितीतरी माणसं बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांवर वाढली. अर्णाळकरांनी हजाराहून जास्त लिहिल्या, त्या सगळ्या कुणीतरी वाचल्याच ना. शिफ्ट संपवून घरी आलेला माणूस रहस्यकथा वाचत पडला तर घर म्हणायचं, दमलाय, वाचू दे. त्याच घरात सुनेच्या हातात प्रेमकथा दिसली की भुवया वर. बाईच्या वाचनावर पहारा बसवण्याची सवय आपल्याकडे फार मुरलेली आहे. काशीबाई कानिटकरांना सासरच्या विरोधात अक्षर ओळखण्यापासून झगडावं लागलं आणि पुढे त्या मराठीतल्या आरंभीच्या मोठ्या लेखिका झाल्या. प्रेमकथेचं तर विचारूच नका. चंद्रकांत काकोडकरांची एका मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली कथा अश्लील ठरवली गेली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ साली न्यायालयाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. सात वर्षं लागली एका प्रेमकथेला निर्दोष सुटायला. तुमच्या घरी महिन्याभरात जे झालं त्याला एवढा जुना इतिहास आहे. "या वयात हे काय" हे मिस्टरांचं वाक्य त्यांनी स्वतः घडवलेलं नाही, तयार मिळालंय. म्हणून त्यावर फार दिवस रुसू नका. उत्तर मात्र द्या.

पळता का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. अण्णांनी हाक मारली की मोबाइल उशीखाली ठेवून उठत होतात, एकही औषध चुकलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या खाटेपासून दोन हातांवर बसून जागणारं माणूस पळालेलं नसतं. माझी आई दीड महिना दवाखान्यात होती तेव्हा मीही बाकड्यावर बसून अशीच गोड शेवटाची पुस्तकं वाचली. आई त्यातून बाहेर आली नाही. त्या पुस्तकांपैकी एकाचंही नाव मला आज सांगता येत नाही, पण त्यांनी मला त्या बाकड्यावर टिकवून ठेवलं, हे पक्कं आठवतं.

आता "जेवलीस का".

तुम्ही तिसरा प्रश्न विचारलात तो घाबरत विचारलात, अक्षर बदललंय तिथे. संसारात काही कमी आहे का? प्रेमकथा वाचणारी प्रत्येक बाई नवऱ्याला कंटाळलेली असते, हे मला अजिबात मान्य नाही. पण तुम्ही कुठे रडलात ते बघा. नायक-नायिकेच्या मिठीत नाही, लग्नाच्या प्रसंगात नाही. कुणीतरी कुणाला जेवलीस का असं विचारलं, तिथे. मिस्टरांचा रोज रात्री नऊला चाकणहून फोन येतो असं तुम्ही लिहिता. ते अण्णांच्या गोळ्यांचं विचारतात, फिजिओथेरपीवाला आला का विचारतात, मुलीच्या फॉर्मचं विचारतात, आईचे गुडघे विचारतात. मग "ठेवतो". चांगला माणूस आहे, सगळ्यांची काळजी करतो. त्या यादीत तुमचं नाव नाही, कारण त्या यादीतली सगळी कामं तुम्ही करता आणि जी करते तिच्याबद्दल विचारायचं राहून जातं. तुम्हाला दुसरा माणूस नकोय ताई. याच माणसाने हाच प्रश्न विचारायला हवाय.

तर त्यांना सांगा. फोनवर नको, फोनवर ते भांडणासारखं ऐकू येईल. रविवारी दुपारी अण्णा झोपले की त्यांना घेऊन बाहेर पडा. सोमेश्वरला जा, गोदापार्कला चक्कर मारा, अगदी कॉलनीच्या कोपऱ्यावर चहा घ्या. आणि ती गोष्ट त्यांना सांगा, कुठे रडलात तेही सांगा. आडून आडून नको, "रोज फोनवर शेवटी मला एवढं विचारत जा" असं सरळ मागा. न मागता कळायला हवं, असा हट्ट गोष्टीतल्या नायिकेला परवडतो, कारण तिथे लेखिका नायकाला सगळं आधी सांगून ठेवते. आपल्याला तोंडाने मागावं लागतं, आणि मागून मिळालेल्या प्रश्नाने पोट कमी भरत नाही.

आता ती रेघ मारलेली ओळ.

शिकवण्या कुणी बंद केल्या? पत्रात तसं काही नाही. मला वाटतं, कुणीच तसं म्हटलं नसेल. घरावर आलं की घराचा क्रम बदलतो आणि ते बरोबरही आहे. अण्णांचा पाय वर गेला, मुलीची ॲडमिशन वर गेली, यांची नोकरी तर टिकायलाच हवी होती. मग कशाला तरी खाली जावं लागणार, आणि जे खाली गेलं ते तुमचं काम होतं. त्यावर घरात पाच मिनिटंही बोलणं झालं नसणार. बाकी सगळ्यांचे निर्णय चर्चा होऊन झाले, तुमचा आपोआप झाला. तुम्ही स्वतःही त्याला एका ओळीची जागा दिलीत आणि अकरा प्रेमकथांना दीड पान. महिन्याभरात स्वतःसाठी तुमच्याकडे फक्त रात्रीचा अर्धा-पाऊण तास उरला होता, आणि तुम्ही त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. दिवसाचे बाकीचे तेवीस तास कुणी, कधी आणि कुणाला विचारून वाटून घेतले, ही चौकशी व्हायला हवी होती.

ती आता करा, आणि अधिक महिना संपलाय म्हणून आत्ताच करा. हा महिना पंचांगात येतो तोच हिशेब जुळवायला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडतं, तूट साठत जाते आणि साधारण ३३ महिन्यांनी एक आख्खा महिना मध्ये घालावा लागतो. घरात मात्र तूट साठत गेली तरी कुणी महिना घालत नाही. तुम्हीच वही घेऊन बसा. मिस्टर, मुलगी, नणंद आणि शक्य असलं तर सासूबाई, सगळ्यांसमोर.

नणंद गंगापूर रोडला राहते. धोंड्याच्या जेवणाला ती आणि तिचे मिस्टर दोघं आले, तुम्ही या धबडग्यात तेहतीस अनारसे तळून जावयाचं वाण दिलंत. छान केलंत. आता वडिलांच्या खोलीत आठवड्यातून दोन रात्री ती झोपू शकते का, हे मिस्टरांनी, म्हणजे तिच्या भावाने, तिला विचारायचं. तुम्ही नाही. सुनेने विचारलं की ती तक्रार होते, भावाने विचारलं की वाटणी होते. तिला रात्री जमत नसेल तर नर्सिंग ब्युरोतून रात्रपाळीची मावशी लावायची आणि त्याचे पैसे भावाबहिणीने मिळून द्यायचे. महिन्याचा खर्च किती ते आधी दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, म्हणजे बोलताना आकडा हातात असेल. "मी करतेय ना" हे वाक्य त्या बैठकीत एकदाही म्हणू नका. त्या वाक्यावर सगळ्या बैठका संपतात.

आणि शिकवण्या. सगळ्या बॅचेस परत नकोत. फक्त दहावीची, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळचा एक तास. त्या तासाला मुलगी आजोबांपाशी बसेल. तिला बारावीनंतरची ही सुट्टी आहे आणि ती तुमच्या मोबाइलवर हसण्याइतकी मोकळी आहे, म्हणजे एवढं जमेल. तिच्यावर चिडून नका सांगू. तिला एक प्रेमकथा वाचायला द्या हवं तर. पुण्याला गेली तर हॉस्टेलवर आईची आठवण काढायला तिच्याकडे काहीतरी गमतीचं असेल.

वाचनाबाबत मात्र एक गोष्ट तुम्हाला बदलायला सांगेन, आणि ही असं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. तुम्ही अकरापैकी चार ‘भागांच्या’ गोष्टी वाचल्यात. ॲपवर एक भाग संपतो तो ऐन मोक्यावर, पुढचा भाग उद्या किंवा पैसे भरा. एकदा पावणेतीनपर्यंत जागलात आणि सकाळी डोकं चढलं, हे तुम्हीच लिहिलंय. वर मी शेवट माहीत असण्याचं सुख म्हटलं ते या गोष्टी देत नाहीत. दोनशे-तीनशे भाग झाले तरी त्या संपत नाहीत, आणि आधीच टांगत्या गोष्टींनी भरलेल्या डोक्यात आणखी एक टांगतं ठेवतात. पूर्ण झालेली, एका पुस्तकात मावणारी गोष्ट घ्या. शक्यतो छापील. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून नाशिककरांना पुस्तकं देतंय. तिथे प्रेमकथा मागायला लाजू नका. मुलीला कार्ड देऊन पाठवलंत तरी चालेल. शहरात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्याही फिरत असतात. ज्या वाचकांना घर सोडून निघता येत नाही त्यांनी आपल्या सोसायटीत चौकशी करावी. आणि घड्याळ लावून अकराला पुस्तक मिटायचं. रात्री उठावं लागणाऱ्या माणसाला झोपेची उधारी फार महाग पडते.

एवढं सांगून एक काळजीचंही सांगते. पुस्तक मिटल्यावर पुन्हा कामाला लागावंसं वाटतं का, हे स्वतःला विचारत राहा. तुमच्या पत्रावरून वाटतं की हो. पण दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, प्रेमकथासुद्धा फक्त बोटाने पुढे सरकत असेल, भूक गेली असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर तो विसावा उरलेला नाही. मग डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाने फोन करायला स्वतः आजारी पडायची वाट बघू नये.

वाचनगटात परत जा. पुढच्या शनिवारी ती कादंबरी वाचली नाही हे सांगा आणि त्याऐवजी दहा मिनिटं या अकरांवर बोला. कोणती फसली, कोणती भाषेने चांगली होती, कोणत्या नायकाला तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं. तुम्ही वीस वर्षं मुलांना भाषा शिकवलीत, हलक्या गोष्टीतलं चांगलं वाक्य आणि भरजरी गोष्टीतलं पोकळ वाक्य तुम्हाला बरोबर कळतं. ज्या कुसुमाग्रजांचं नाव आपण गावात मिरवतो त्यांनी पृथ्वीला सूर्याच्या प्रेमात पाडलं होतं आणि त्यांना ज्ञानपीठ मिळालं, हे "तूसुद्धा?" म्हणणाऱ्या मैत्रिणीला हसत सांगा. तिच्या मोबाइलमध्येही दोन-चार निघतील, मला खात्री आहे.

राहिले अण्णा. एका रात्री त्यांनी विचारलं, "काय वाचतेस? मलाही वाचून दाखव." तुम्ही गडबडलात आणि पेपर उचलून त्यांना द्राक्षांचे भाव वाचून दाखवलेत. पत्रातली ही जागा मला फार आवडली. त्या माणसाला महिनाभर छत दिसतंय आणि तोही गोष्ट मागतोय. प्रेमकथा सासऱ्यांपुढे वाचायला संकोच वाटणारच, ती वाचू नका. पण आज रात्री त्यांना विचारा, तरुणपणी रात्रपाळीहून आल्यावर काय वाचत होतात? जे नाव सांगतील ते सावानातून आणा आणि रोज दहा पानं मोठ्याने वाचा. एखाद्या रात्री नणंद वाचेल, रविवारी मिस्टर वाचतील. आणि अण्णांनी कोणतं नाव घेतलं ते मला कळवा.